थापटणे

आमच्या विट्याची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. दिवाळीत नातवंडे आजीकडे येतात आणि आज्या त्यांना संध्याकाळी माझ्याकडे हरिपाठाला पिटाळतात. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे शिकलो. तेवढ्या भांडवलावर गावात 'बुवा' झालो.

गेल्या दिवाळीत मी मुलांना गोरोबाकाकांची गोष्ट सांगत होतो. तेरढोकीला संत जमले. मडके कच्चे की पक्के ते पाहावे, तसे काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे शांत राहिले, नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले.

केरळातून आलेली एक नऊ वर्षांची पोर म्हणाली, "बुवा, तुमच्या डोक्यावर कोण मारतं?"

पोरे खिदळली. मी इतका ओरडलो की समई लावणारा गुरव बाहेर येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पोर आली नाही.

सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. पत्नी जाऊन वर्ष झाले होते. संध्याकाळी लोकांना शांतीवर निरूपण ऐकवायचे आणि रात्री शेजारच्या यंत्रमागाला शिव्या घालीत जागायचे, असा माझा क्रम होता. शिव्या मागाला कशाला? माग थांबला तरी मी जागाच असे. पण पाया पडणारा माणूस, "बुवा, झोप लागते का?" असे कधी विचारतो काय? आणि आपण तरी कोणाला सांगावे? १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेली. ते दुःख आणि मनाशी चाललेली भांडणे त्यांनी अभंगांतून उघड मांडली. त्यांच्यावर मी तासन्‌तास बोलत असे आणि स्वतःचे तेवढे झाकून ठेवीत असे.

सकाळी त्या पोरीच्या घरी गेलो. आजी चकल्या तळत होती. मी माफी मागू लागलो, तशी झारा बाजूला ठेवून म्हणाली, "पोरीचं राहू द्या वो. तुमी झोपता का न्हाई, त्येवढं सांगा. डोळं बगा कसं झाल्यात."

वर्षभरात कोणी विचारले नव्हते. त्या चुलीपाशी मी, साठीचा बाप्या, रडलो.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. आळंदीच्या एका जुन्या सोबत्याला फोन केला, तर त्याचीही तीच कथा निघाली! आता दर एकादशीला आम्ही बोलतो. निरूपणाचा विषय मात्र काढायचा नाही, असे ठरले आहे.

भाऊबिजेला पुन्हा वर्ग भरला. पोर पुढेच बसली होती. हरिपाठ संपताच सर्वांदेखत म्हणाली, "बुवा, आज्जीनं विचारलंय, गोळी घेतली का?"

मी खिशातली पुडी काढून दाखवली.