रंगलेल्या भिंतींचा वारसा

अष्टूर (बीदर) : बहमनी सुलतान अहमदशहा वली (मृत्यू १४३६) यांच्या कबरीवरील घुमटाच्या आतल्या भिंती आणि छत सोनेरी व लाल रंगांतल्या नक्षी-सुलेखनाने भरले आहेत. मुस्लिम आणि लिंगायत, दोन्ही भाविक इथे येतात.

महमूद गवान मदरसा (बीदर, १४७२) : दर्शनी भागावर रंगीत चकाकत्या फरशा. १७व्या शतकाच्या अखेरीस स्फोटात मोठी पडझड झाली. तरी काही फरशा टिकून आहेत.

एस. एम. पंडित (१९१६–१९९३) : कलबुर्गीचे चित्रकार. त्यांची सिनेमा-पोस्टर्स आणि दिनदर्शिकांवरची चित्रे घरोघरी पोचली.

मुंबईचा अनुभव : वांद्र्यात २०१४ मध्ये दादासाहेब फाळके यांचे भव्य भित्तिचित्र झाले. १८७५ च्या ससून डॉकमध्ये २०१७ साली कला महोत्सव भरला. या मासळी बाजारात कलारसिकांची रीघ लागली.

भित्तिचित्रे काढताना ध्यानात ठेवावे : ऐतिहासिक वास्तूंना रंग लावू नये, त्यांची फक्त निगा राखावी. चित्रांसाठी शाळा, बसस्थानके, पाण्याच्या टाक्या निवडाव्यात. वस्तीतल्या लोकांशी बोलून विषय ठरवावा आणि गटारे, दिवे, पदपथही सोबत सुधारावेत. नुसत्या रंगाने वस्ती सुधारत नाही.