विमानाची मोड

भंडाऱ्यात पितळेची मोड वाया जात नाही. पोचे पडलेला गुंड असो की तळ गेलेली घागर, मुशीत 900 अंशांच्या पुढे सगळं वितळतं. थोडं जस्त पांढऱ्या धुरात उडतं, ते वरून घालता येतं. पितळ पुन्हा पितळच होतं.

इथून साठेक किलोमीटरवर, नागपूरच्या मिहानमध्ये, बोइंग 787 विमानाच्या फरशीखालच्या तुळया कार्बन तंतूंपासून घडवल्या गेल्या आहेत. या विमानाचं जवळपास निम्मं वजन अशाच संमिश्रांचं असतं. त्याची मोड कशी करायची?

प्रश्न अवघड, कारण यातल्या तंतूंना धरून ठेवणारी राळ एकदा पक्की झाली की वितळतच नाही. तिचे रेणू एकमेकांत कायमचे गुंतलेले असतात. मग राळ वितळवायची नाही, मोडायचीच. तुकडे बंद भट्टीत, प्राणवायूशिवाय, 500 अंशांच्या आसपास तापवतात. राळेचे वायू आणि तेल होऊन जातं, तंतू मात्र तसाच राहतो! मुळात तो हजार अंशांच्या वर तापूनच जन्मलेला. ही आच त्याला सौम्य. खरी कसोटी पुढे आहे. तंतूवर काजळीचा थर उरतो आणि तो जाळायला थोडी हवा आत सोडावी लागते. जरा जास्त झाली की तंतूच झिजू लागतो.

हाती येतो तो पिंजलेल्या कापसासारखा काळा पुंजका. एकेक तंतू साधारण 7 मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पण सगळे आखूड आणि वाटेल त्या दिशेला. त्यांची चटई करून राळेत बसवली की गाड्यांचे भाग होतात. बीएमडब्ल्यू आय3 च्या छतात पुनर्वापराचा कार्बन तंतू होता.

मला सर्वांत थक्क करतं ते ब्रिस्टल विद्यापीठातलं काम. तिथे तीनेक मिलिमीटरचे तंतू पाण्यात सोडतात आणि त्या पाण्याची धार दोन समांतर पट्ट्यांमधल्या अरुंद फटीत मारतात. धार समोरच्या पट्टीवर आपटून वळते आणि त्या वळणावर तंतू फटीच्या दिशेने सरळ होतात. पाणी खालून शोषून घेतलं की उरते ओळीने लागलेल्या तंतूंची पट्टी. ही पट्टी राळेत बसवली की राळ ताण एका तुकड्यावरून शेजारच्यावर सरकवते. त्यासाठी कार्बनला मिलिमीटरभर लांबीसुद्धा सहसा पुरते. म्हणून तीन मिलिमीटरच्या तुकड्यांची ही पट्टी ताठपणात अखंड धाग्याच्या जवळ जाऊन पोचते.