खाणीचे पाणी आणि गावची झर

व्यापाऱ्याच्या दृष्टीने लोहखनिज हा टनांत मोजावयाचा माल होय. खाणीतून निघताना, नदीकाठी बार्जवर चढताना आणि मुरगाव बंदरात जहाजात पडताना तो मोजला जातो. प्रत्येक ठिकाणी कागद होतो. या मालाबरोबर खाणीतून आणखी एक वस्तू बाहेर पडत असते, ती म्हणजे पाणी. त्याची पावती मात्र क्वचितच कोणी मागतो. डिचोली तालुक्यातील मुळगावच्या निमित्ताने या दुसऱ्या वस्तूचा हिशेब कसा राहावा, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

श्रीकेळबाय देवीचे हे गाव डिचोली-अस्नोडा वाटेवर आहे. डोंगराचा माथा जांभ्या दगडाचा, पायथ्याशी वस्ती व भातशेती. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका हेक्टरावर तीन कोटी लिटर पाणी. त्यातील बराच भाग वाहून समुद्रास मिळतो. परंतु काही सच्छिद्र जांभ्यातून खाली मुरतो आणि पायथ्याशी झर होऊन हळूहळू बाहेर येतो. कुळागरे, विहिरी व उन्हाळी वायंगण शेती यांचा आधार हाच. जांभ्याखाली चिकणमातीचे थर व त्याखाली भुसभुशीत खनिज असते. दुर्दैव असे की, हे भुसभुशीत खनिज पाणीही उत्तम धरून ठेवते. जो माल काढावयाचा, तोच गावाचा हौद!

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांकडून मागणी आली आणि डिचोलीच्या परिसरातील उत्खनन झपाट्याने वाढले. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात चोहोंकडून पाणी येऊ लागते व पंप चालविल्यावाचून काम होत नाही. उपसा चालू असताना आसपासची पातळी उतरते. मात्र उपसलेले पाणी व्हाळात सोडल्यामुळे ऐन एप्रिलात व्हाळ भरून वाहताना दिसतो. शेतकऱ्यास वाटते, पाणी वाढले. वस्तुतः वर डोंगरालगत झर आटत असते. हे मुद्दल मोडून व्याज म्हणून वाटण्यासारखे आहे. पंप थांबताच व्हाळ काही दिवसांत कोरडा पडतो. झर परतण्यास मात्र पावसाळे जावे लागतात.

म्हणूनच नुसता व्हाळ मोजून भागत नाही. पंपावरील मापकाचा आकडा, व्हाळाचा प्रवाह, झरीचा प्रवाह आणि विहिरींची पातळी ही चारही मापे एकाच दिवशी घेतली पाहिजेत. झरीसाठी उपकरण अगदी साधे आहे : काटकोनी खाच पाडलेली एक फळी प्रवाहात आडवी बसवावयाची व खाचेतील पाण्याची उंची पट्टीने वाचावयाची. उंची दहा सेंटिमीटर असेल तर सेकंदास सुमारे साडेचार लिटर पाणी वाहते. वीस असेल तर दुप्पट नव्हे, जवळजवळ पंचवीस लिटर! बोटभर फरक वाचण्यात चुकला, तर हिशेब किती चुकेल हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

झर आटली याचा दोष एकदम खाणीवर घालणेही योग्य नव्हे. पाऊस कमी पडला असेल. याकरिता पर्जन्यमापक हवा, आणि खाणीपासून दूर, दुसऱ्या डोंगराची एक झरही तुलनेसाठी मोजावयास हवी. दोन्ही झरी सारख्याच उतरल्या तर कारण आभाळात शोधावे. खाणीलगतची एकटीच उतरली तर पंपाकडे पाहावे. शिवाय जांभ्यातील उथळ विहीर व खनिजाच्या थरात उतरविलेली निरीक्षण-नळी यांची पातळी वेगवेगळी नोंदवावी, कारण मधल्या मातीच्या थरामुळे वरची विहीर काही काळ निर्धास्त दिसू शकते.

पाण्याच्या गुणाचा प्रश्न निराळा. सांडपाणी नदीनाल्यांत सोडताना त्यातील तरंगता गाळ लिटरमागे शंभर मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा देशातील सर्वसाधारण नियम आहे. मे महिन्यातील संथ पाण्याचा नमुना सहज उत्तीर्ण होईल. टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवरून तांबडा गाळ शेतात उतरतो तो जूनच्या पहिल्या जोरदार सरीत, आणि नमुना तेव्हाच भरला पाहिजे. भिजत जावे लागते, हे खरे!

मोजमापाची एक मोठी संधी मध्यंतरी येऊन गेली. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत अनुमती दिली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द ठरून मार्चच्या मध्यास काम पुन्हा बंद झाले. या काळात खोल खड्डे पाण्याने भरले. डिसेंबर २०२२ च्या लिलावात सुमारे ४७८ हेक्टरांचा डिचोली खनिजपट्टा वेदांत कंपनीकडे गेला व २०२४ मध्ये तेथे काम सुरू झाले. घरे, शेते, देवळे व पाण्याच्या जागा पट्ट्याबाहेर ठेवाव्यात, अशी मागणी मुळगावच्या ग्रामस्थांनी लावून धरली. पंप बंद असतानाची पातळी हीच या वहीतील आरंभीची शिल्लक. ती लिहिलेली नसेल तर पुढे तूट कशावरून काढावयाची?

तेव्हा वही कोणी ठेवावी, हा प्रश्न उरतो. एकट्या कंपनीने ठेवली तर गाव मानणार नाही. एकट्या गावाने ठेवली तर कंपनी मानणार नाही. आपल्या पेढ्यांवर दोन पक्षांच्या खात्यांचा मेळ घालण्याची रीत आहे, तीच येथे चालावी. झरीवर फळी बसविणे हे एका सुताराचे दिवसाभराचे काम. दर पंधरवड्यास खाणीचा माणूस व पंचायतीचा माणूस यांनी मिळून ती वाचावी, दोघांनी सही करावी, आणि त्याच दिवसाच्या उपशाच्या आकड्यासह तो कागद पंचायतीच्या फलकावर लावावा.