निवटीचा डोळा

पेणच्या बाजारात एका बाईच्या घमेल्यात जिवंत निवट्यांची वळवळ चालली होती, आणि त्या मातकट, बुळबुळीत गर्दीतून वर आलेल्या एका डोक्यावरचा डोळा माझ्या देखत आत खचला व क्षणार्धात पुन्हा वर उगवला. मासा डोळा मिटीत नाही, असे मी शाळेपासून मानीत आलो होतो. परंतु उत्क्रांती, आनुवंशिकी आणि दृष्टिविज्ञान या शाखांतले नवे निबंध जमतील तसे वाचून त्यांची टिपणे ज्या वहीत मी ठेवतो, तिच्यात नेमका याच उघडझापेवरचा एक निबंध थोड्याच दिवसांपूर्वी उतरवला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात 2023 साली प्रसिद्ध झालेला. घमेल्यात पाहिलेला तो एक निमिष आणि वहीतले ते पान यांची गाठ पडल्यावर घरी बसून राहणे मला शक्य नव्हते. निवट्या कोण काढते, असे विचारता ती बाई म्हणाली, "आमची सासू. सुकतीला या." सुकती म्हणजे ओहोटी.

जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे 1981 पासूनच्या रायगडचा, हा खारेपाट. अंबा नदीचे पाणी धरमतरच्या खाडीत पसरते, आणि खारबंदिस्तीच्या बांधापलीकडे, तिवरांच्या रांगेखाली, ओहोटीला उघडा पडणारा गाळ उन्हात शिशासारखा चकाकतो. त्या गाळाचा वास प्रथम नाकाला झोंबतो आणि मग कपड्यांत असा मुरतो, की घरी परतल्यावर दोन दिवस खाडी आपल्याबरोबर वावरते. सासूबाई साठीच्या पुढच्या, लुगड्याचा काचा मारलेल्या, कमरेला प्लास्टिकचा डबा बांधलेल्या. त्या बांधावरून उतरल्या, मांडीभर गाळात शिरल्या आणि मागे वळून एवढेच म्हणाल्या, "दोन तास, दादा. मंग पानी येल."

दोन तास. पुढे त्यांनी जे काही केले ते या मुदतीच्या आत, आणि घड्याळाकडे एकदाही न पाहता. निवटीच्या बिळाला बहुधा एकाहून अधिक तोंडे असतात. एक टाचेने दाबून धरायचे, दुसऱ्यात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि बोटांना लागलेला मासा न चिरडता तळव्याच्या खोलगटीत वर काढायचा. रीत एवढीच, पण बीळ भरलेले आहे की रिकामे, हे ठरविण्याचे कसब काही वेगळेच. त्या मासा शोधत नव्हत्या, डोळे शोधत होत्या. अंग गाळाच्या रंगात पार विरघळलेले असले, तरी डोक्याच्या माथ्यावरचे ते दोन उंचवटे पातळ पाण्याच्या वर राहतात. शास्त्रज्ञांनीही या माशाला नाव दिले ते डोळ्यावरूनच: 1837 साली ठेवलेल्या बोलिऑफ्थाल्मस डुसुमिएरी या नावाच्या पूर्वार्धात बाहेर फेकल्यासारख्या डोळ्याचा निर्देश आहे.

मी बांधाच्या कडेला बसून एकाच निवटीवर नजर ठेवली. ती डोके डावीउजवीकडे हलवीत गाळावरचे शेवाळ खरवडत होती, आणि मधूनच डोळा खाली घेत होती. याच किनाऱ्यावर किहीमला 1930 साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी सुगरणीची घरटी अशाच चिकाटीने न्याहाळली होती, याची त्या वेळी आठवण झाली. डोळा खाली का जातो, हे मी सासूबाईंना विचारले. हात बिळात असतानाच त्यांनी उत्तर दिले: "हवेत आली क डोला सुकतं. सुकला तं दिसंल कसा? म्हनून आत घेतं, वल्ला करतं, वर काढतं."

वहीत उतरवलेल्या त्या निबंधात, प्रयोगशाळेत हेच सिद्ध करण्यासाठी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची जात घेऊन तिच्यावर कोरड्या हवेचा झोत सोडावा लागला, आणि हवा कोरडी तशी उघडझाप अधिक, असे आढळले. डोळ्यात धूळ गेली किंवा डोळ्याला स्पर्श झाला, तरी तो मिटतो, हेही तेथे दिसले. मला सर्वाधिक विस्मय वाटला तो पुढच्या शोधाचा. या माशाला अश्रुग्रंथी नाहीत, आणि उघडझापेसाठी नवा स्नायूही निर्माण झालेला नाही. इतर माशांत डोळा फिरविणारे जे स्नायू, त्यांचीच ओढ बदलली, आणि खाली गेलेल्या डोळ्याला झाकून घेणारी कातडीची एक वाटी तेवढी नव्याने घडली. त्याआधी 2014 साली चार जातींच्या निवट्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा दृष्टीशी निगडित काही जनुके गळाल्याचे व काहींत फेरफार झाल्याचे दिसून आले होते. निवटी आपली पूर्वज नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती खरब्यांच्या गोतातली, आणि आपल्या पूर्वजांनी पाण्यातून जमिनीकडे जाणारी जी वाट कोट्यवधी वर्षांपूर्वी चोखाळली, ती तिने स्वतंत्रपणे, आपल्या हिमतीवर धरली. त्या पूर्वजांचे जीवाश्म मोजून 2017 साली असा निष्कर्ष निघाला, की पाण्याबाहेर पाय टाकण्याच्या आधीच त्यांचे डोळे आकाराने जवळजवळ तिप्पट होऊन माथ्यावर चढले होते. आधी किनारा दिसला, पाऊल मागाहून पडले.

हे सारे मी सासूबाईंना जमेल तसे सांगितले. त्या पूर्वजांच्या काळाला झालेली साडेसदतीस कोटी वर्षे, हा आकडाही सांगितला. त्या थांबल्या, गाळाने माखलेला हात डब्यावर टेकवून त्यांनी विचारले, "तवा भरती-सुकती व्हती का?"

इतका नेमका प्रश्न मला इतक्या वर्षांच्या वाचनात सुचला नव्हता. होती, मी म्हणालो. चंद्र तेव्हा जवळ होता; त्या काळच्या प्रवाळांवरच्या रेषा मोजून वर्षाचे दिवस सुमारे 400 भरतात, असे 1963 साली जॉन वेल्स यांनी दाखविले आहे; आणि माशांना जमिनीकडे लोटण्यात मोठ्या भरती-ओहोटीचाच हात असावा, असे गणिताने ताडून पाहणारा एक निबंध 2020 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला आहे. ओहोटीच्या डबक्यात अडकलेल्या माशाला दोनच गती: पाण्याकडे सरपटणे, नाहीतर मरणे.

"दिवस ल्हान म्हनजे सुकतीपन ल्हान," त्या म्हणाल्या. "मंग दोन तास पन नाय."

तिवरांच्या मुळांत पाणी खुळखुळू लागले होते. बाईंनी डब्यावर खाडीचे ओंजळभर पाणी शिंपडले. आतले डोळे एकामागून एक खाली गेले, आणि ओले होऊन वर आले.