राक्षस कसा घडवावा?

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ काढला. एकजण गोष्ट रचतो, राक्षस घडवतो. बाकीचे फासे टाकून त्याच्याशी लढतात. नवशिका राक्षसाला नुसती ताकद देत सुटतो. मग लढाई कसली, ती लाकूडफोडच! याच खेळातला गंजासुर (हे बारसे माझे) लोखंडाचा गंज करून तो खातो. साहजिकच भारी चिलखतवालाच आधी पळतो.

आपल्याकडे ही युक्ती जुनीच. रक्तबीजाच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा असुर उठे. तलवार चालवावी तो संकट वाढे. म्हणून कालीने रक्तच पिऊन टाकले. आपल्याच जिल्ह्यातील लोणारचा लवणासुर तर भूमीखाली दडलेला. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, तेव्हा असुराच्या बहिणींनीच ठिकाण सांगितले. दैत्यसूदनाचे देऊळ तेथे आजही आहे.

ही कथा मला निरक्षर आजीने सांगितली. कॉलेजात आल्यावर असल्या गोष्टींची मला लाज वाटू लागली होती. परवा मीच तिला विचारले, "आजी, बहिणी नसत्या तर?"

"मंग त्याले भूक लागेपर्यंत थांबाचं, बापू."