शिंगराचा रंग आणि घोडेवाल्यावरचा आळ

ताथवडे काय अन् मावळ काय, बैलगाड्याचा घाट म्हटला की पुढे धावणारी घोडी आलीच. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. घोड्यांना पुन्हा गिऱ्हाईक आले, अन् जुने भांडणही आले. आईबाप दोन्ही कुमेत, म्हणजे अंग तपकिरी, आयाळ-शेपूट-पाय काळे. आणि शिंगरू निघते नखशिखांत तांबडे. लगेच आळ, की घोडा दाखवला एक अन् घोडी फळवली दुसऱ्याकडून!

आळ घेण्याआधी हिशेब बघा. उसाचे आपले सोपे आहे. को ८६०३२ चे बेणे लावले की ८६०३२च उगवतो, कारण कांडी ही मूळ उसाचाच तुकडा. शिंगराला मात्र प्रत्येक गुणाचे एक जनुक आईकडून अन् एक बापाकडून येते. काळा रंग करणारे जनुक जोरदार, तांबड्याचे दबून राहणारे. दोन्ही एकत्र आली तर काळ्याचेच चालते. आणखी एक जनुक हा काळा रंग आयाळ, शेपूट अन् पायांपुरता रोखून धरते, तोच कुमेत. रोखणारे नसले तर जनावर काळेभोर. आता कुमेत घोडा-घोडी दोघांतही तांबडे जनुक दडलेले असेल, तर सरासरी चार शिंगरांत एक तांबडे येणारच. त्यात घोडेवाल्याचा काय दोष? उलट आईबाप दोन्ही तांबडे आणि शिंगरू कुमेत किंवा काळे, तर खुशाल जाब विचारा. त्या जोडीकडे द्यायला काळे जनुक नसतेच.

सब्ज्याची तऱ्हा निराळी. तो जन्मतो गडद रंगाचा आणि दरसाल पांढरा होत जातो. पुरता पांढरा व्हायला साधारण सहा-आठ वर्षे. आईबापांपैकी एक तरी सब्जा लागतोच. दोघेही वयाने पक्के, दोघेही गडद, अन् विकणारा म्हणतो 'हे पुढे पांढरे होईल', तर पैसे खिशात ठेवा. म्हातारा सब्जा घेताना शेपटी उचलून बघावी. या रंगाला तिथे काळ्या गाठी फार येतात.

सारंगखेड्याच्या बाजारात भाव खाणारा नुकरा हा सब्जा नव्हे. नाकपुडीजवळचे केस ओले करून कातडी बघा. नुकऱ्याची गुलाबी असते, सब्ज्याची काळी.