पुसला तरी पुन्हां उमटणारा आंकडा

मावळ तालुक्यांत तळेगांव दाभाड्याच्या शेजारीं वसलेल्या वराळ्याच्या परिसरांत एकीकडे भातखाचरें आहेत, तर दुसरीकडे तळेगांव-चाकण रस्त्यावर कारखान्यांचा माल वाहणाऱ्या गाड्यांची रीघ लागलेली असते. हप्त्यानें घेतलेला एखादा लहान टेंपो हीच ज्याची शेतीवाडी, त्याच्या डोळ्यांसमोर एके सकाळीं इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो. गॅरेजमध्यें स्कॅनर लावला जातो आणि पडद्यावर ‘पी ०११८’ असा आंकडा उमटतो. पाण्याच्या तपमानाचा सेन्सर गेला, असें सांगून मिस्त्री नवा बसवितो, आंकडा पुसतो, दिवा विझतो. तिसऱ्या दिवशीं तो पुन्हां पेटतो. मग दुसरा सेन्सर, पुन्हां मजुरी, आणि बुडालेली खेप ती वेगळीच.

चूक आंकडा वाचण्यांत नसते, त्याचा अर्थ लावण्यांत असते. पी ०११८ म्हणजे ‘सेन्सर बिघडला’ असें नव्हे. त्या सेन्सरच्या विद्युन्मंडलांत असावा त्याहून अधिक दाब आहे, एवढेंच तो सांगतो. मंडलांत सेन्सर आहे, तशाच दोन तारा आहेत, त्यांची जोडणी आहे आणि पलीकडे नियंत्रकपेटीहि आहे. चौघांवर संशय असतां चौकशीवांचून एकालाच शिक्षा देण्याचा हा प्रकार होय. असे सामायिक आंकडे अमेरिकेंत १९९६ सालच्या नमुन्यांपासून सर्व मोटारींना सक्तीचे झाले. भारतांत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम आल्यावर इंजिनावरील पहारा अधिकच कडक झाला. पहारेकरी वाढले, तशा तक्रारीहि वाढल्या.

नियंत्रकपेटी या सेन्सरला ५ व्होल्ट दाब पुरविते. पाणी तापलें कीं सेन्सरचा विद्युत्‌रोध घटतो आणि दाब उतरतो. पाणी थंड असलें तर दाब चढा राहतो. आतां तारच तुटली तर दाब ५ व्होल्टवरच थांबतो, आणि पुष्कळ गाड्यांत स्कॅनरवर उणें ४० अंश तपमान दिसतें. ऐन वैशाखांत वराळ्यास उणें ४० अंश! येथें परीक्षा सोपी आहे. किल्ली बंद करून सेन्सरची जोडणी काढावी, तिच्या दोन टोकांना तारेच्या तुकड्यानें जोडावें आणि किल्ली फिरवून आंकडा पाहावा. तपमान एकदम फार वर गेलें तर तारा व पेटी निर्दोष, सेन्सरच दोषी. उणें ४० तसेंच राहिलें तर शंभर सेन्सर बदलूनहि उपयोग नाहीं. मात्र हा प्रयोग दोन तारांच्या तपमान-सेन्सरवरच करावा. तीन तारांच्या सेन्सरवर केल्यास नवाच बिघाड ओढवेल.

मावळांत तारांचे शत्रू दोन. पहिला पाऊस. जोडणींत पाणी शिरलें कीं तांब्यावर हिरवी कळा चढते. गाडी उभी असतां सर्व सुरळीत असतें, आणि धक्के बसूं लागले कीं संबंध तुटतो. दुसरा शत्रू उंदीर. भात कापून झालें कीं तो उबेसाठीं इंजिनाजवळ येतो आणि तारेचें वेष्टन कुरतडतो. म्हणून इंजिन चालू ठेवून तारांची जुडी हातानें हळूहळू हलवावी व स्कॅनरवरील आंकडा कोठें उडी मारतो तें पाहावें. सेन्सरची अर्थिंग आणि बॅटरीचें ऋण टोक यांमध्यें मल्टीमीटरनें ०.१ व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर तेथेंच शोध घ्यावा.

कांहीं आंकडे याहून फसवे असतात. पी ०१७१ म्हणजे इंधनाच्या मानानें हवा जास्त. ही तक्रार ऑक्सिजन-सेन्सरची. पण तक्रार करणाऱ्यालाच काढून टाकण्याची चाल पडली आहे. इंजिन संथ चालतांना इंधनाची भरपाई खूप वाढते आणि वेग वाढविल्यावर कमी होते, तर फाटक्या रबरी नळींतून हवा शिरत असावी. उलट, भार पडल्यावर भरपाई वाढत असेल, तर पंप वा गाळणीकडे पाहावें.

स्थळाचाहि विचार करावा लागतो. इंजिन बंद असतां हवेच्या दाबाचा सेन्सर मुंबईस सुमारें १०१ किलोपास्कल दाखवितो. वराळें समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या सुमारास उंच असल्यामुळें तेथें ९४च्या आसपास आंकडा येणें हेंच योग्य. मुंबईचें माप मनांत धरणारा मिस्त्री निर्दोष सेन्सर फेंकून देईल.

आंकडा पुसण्यापूर्वीं, दोष नोंदला गेला त्या क्षणींचा वेग, तपमान व इंजिनाचे फेरे उतरून घ्यावेत; पुसतांच तेंहि नाहींसें होतें. वस्तुतः दुरुस्ती खरी झाली असेल तर पुसण्याची गरजहि नसते. तीन निर्दोष फेऱ्यांनंतर पिवळा दिवा सामान्यतः आपोआप विझतो.